पंचगंगा पातळी सेवा: सर्व्हर उभारणीच्या नोंदी

६ मे

काम: पंचगंगेची पाणीपातळी दाखवणारं एक पान, जे साध्या मोबाइलवरही पटकन उघडेल. त्यात राजाराम बंधाऱ्यावरची पातळी, वरच्या गावांतल्या पुलांच्या खांबांवरच्या मोजपट्ट्यांची वाचनं आणि प्रत्येक वाचनाची वेळ. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न "पाणी किती फुटांवर?" हाच असतो. प्रयाग चिखली, आंबेवाडीकडच्या घरांत जनावरं कधी सोडवून न्यायची हे त्या उत्तरावर ठरतं. त्यामुळे या पानावर चुकीचा आकडा दिसणं हे पान बंद असण्यापेक्षा वाईट आहे. पुढची प्रत्येक निवड या हिशेबाने करायची.

पहिला प्रयत्न शाहूपुरीतल्या ऑफिसमधल्या मशीनवर. राउटरवर ८० आणि ४४३ पोर्ट (वेब पानांची साधी आणि कूटबद्ध दारं) आत त्या मशीनकडे वळवले. ऑफिसच्या वायफायवर पान उघडतं, मोबाइल डेटावर नाही. तासभर एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये शोधाशोध झाली, पण चूक तिथे नव्हतीच. राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.७२ ने सुरू होणारा होता. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा इंटरनेट पुरवठादार आपल्या ग्राहकांना आतल्या आत वाटतो. म्हणजे आपल्या राउटरच्या पुढे त्यांचा आणखी एक राउटर आहे, आणि त्याच्यावर आपल्याला पोर्ट वळवता येत नाही. तपासणी अर्ध्या मिनिटाची: राउटर सांगतो तो पत्ता आणि बाहेरच्या एखाद्या साइटला दिसणारा पत्ता एकच आहे का ते पाहणं. वेगळे निघाले तर स्थिर पत्ता विकत घ्या किंवा सर्व्हर भाड्याने घ्या. पुरात शहरातली वीज आणि फायबर दोन्ही जाऊ शकतात, म्हणून सर्व्हर कोल्हापूरबाहेर, भाड्याने.

९ मे

सर्व्हर मिळाला: दोन कोअर, २ जीबी मेमरी, उबुंटू २२.०४. रचना नेहमीची: पुढे एनजिनएक्स, मागे गुनिकॉर्नवर (पायथन अ‍ॅप चालवणारा सर्व्हर) जँगो (अ‍ॅप ज्यावर लिहिलं ती पायथनची चौकट), डेटा पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये.

फायरवॉल दोन ठिकाणी आहे: सर्व्हरवरचा यूएफडब्ल्यू आणि भाड्याच्या पॅनेलमधला वेगळा. एकातच ४४३ उघडला तर बाहेरून काहीच दिसत नाही. फरक असा ओळखावा: ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आलं तर मशीनपर्यंत पोचलो, फक्त त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही, बराच वेळ थांबून ‘टाइमआउट’ आलं तर मध्ये कुठेतरी भिंत आहे. यूएफडब्ल्यू चालू करण्याआधी २२ पोर्ट (दुरून लॉगिन करण्याचा) उघडायचा, नाहीतर आपणच बाहेर अडकतो.

डोमेनच्या बाबतीत एक घाई झाली. नाव सर्व्हरच्या पत्त्याशी जोडणारं रेकॉर्ड तयार करण्याआधीच नवीन नाव ब्राउझरमध्ये टाकून पाहिलं गेलं. ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा वाटेतले डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारे) लक्षात ठेवतात, आणि किती वेळ ठेवायचं ते डोमेनच्या एसओए रेकॉर्डमधल्या शेवटच्या आकड्यावर ठरतं. आपल्याकडे तो ३६०० सेकंद. रेकॉर्ड बरोबर असूनही तासभर पान सापडेना. अशा वेळी सेटिंग बदलत बसू नये. ‘डिग’ या कमांडने थेट डोमेनच्या मूळ नेमसर्व्हरला विचारावं, तिथे उत्तर बरोबर आलं की हात बांधून थांबावं.

११ मे

सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा सुरू करणारी आणि चालू ठेवणारी व्यवस्था) युनिट फाइल लिहिली, म्हणजे अ‍ॅप कसं चालवायचं याच्या सूचना. सेवा सुरू होताच पडली: ‘स्टेटस २०३/एक्झेक’. हा आकडा आला म्हणजे प्रोग्रामचा कोड चाललेलाच नाही. ‘एक्झेकस्टार्ट’मधला मार्ग चुकीचा आहे, किंवा फाइलला चालवण्याची परवानगी नाही. इथे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या (अ‍ॅपच्या स्वतंत्र पायथनच्या) फोल्डरचं नाव चुकलं होतं. ‘२००/सीएचडीआयआर’ आलं असतं तर ‘वर्किंगडिरेक्टरी’ पाहायची. जर्नल (सिस्टमडीचा लॉग) वाचण्याआधी हे आकडे पाहावेत, वेळ वाचतो.

मार्ग दुरुस्त करून रीस्टार्ट केलं तरी तीच एरर. युनिट फाइल डिस्कवर बदलली, पण सिस्टमडीच्या मेमरीत जुनीच होती. ‘डेमन-रीलोड’ दिल्यावर पुढे सरकलं.

मग खरी गाठ. टर्मिनलमध्ये एन्व्हायर्नमेंट फाइल (अ‍ॅपच्या सेटिंगची) ‘सोर्स’ करून अ‍ॅप हाताने चालवलं तर नीट चालतं, सिस्टमडीतून चालवलं तर आकडा वाचता येत नाही म्हणून पडतं. फाइल एकच, वाचणारे दोन. फाइलमध्ये ओळ अशी होती:

इशारा=३९ # फूट

शेल (टर्मिनलमधला कमांड वाचणारा प्रोग्राम) ‘#’ पासून पुढचं टीप म्हणून सोडून देतं. सिस्टमडी मात्र ओळीच्या सुरुवातीला ‘#’ असेल तरच टीप मानतं. म्हणून अ‍ॅपला इशारा पातळी ‘३९ # फूट’ अशी मिळत होती. त्याच फाइलमध्ये काही ओळींआधी ‘एक्सपोर्ट’ शब्द होता. त्या ओळी सिस्टमडीने ‘इग्नोरिंग इनव्हॅलिड एन्व्हायर्नमेंट असाइनमेंट’ एवढं जर्नलमध्ये लिहून वगळल्या. टिपा वेगळ्या ओळींवर नेल्या, ‘एक्सपोर्ट’ काढले.

सुदैवाने आकड्यात अक्षरं मिसळल्याने अ‍ॅप पडलं आणि चूक दिसली. इशारा पातळीची ओळ गाळली गेली असती आणि कोडमधला काहीतरी डिफॉल्ट वापरला गेला असता, तर कोणाला कळलंच नसतं. म्हणून कोडमधले दोन्ही पातळ्यांचे डिफॉल्ट काढून टाकले. किंमत मिळाली नाही तर अ‍ॅप सुरूच होऊ नये.

१२ मे

अ‍ॅप चालू, एनजिनएक्स चालू, पानावर ५०२ बॅड गेटवे.

५०२ चा अर्थ एवढाच: एनजिनएक्स जिवंत आहे, पण मागच्या माणसाशी बोलणं झालं नाही. कारण एरर लॉगमधल्या कंसातल्या आकड्यात असतं. २ म्हणजे सॉकेट फाइलच (एनजिनएक्स आणि अ‍ॅप जिच्यातून बोलतात ती) नाही. १११ म्हणजे फाइल किंवा पोर्ट आहे, पण पलीकडे कोणी ऐकत नाही. १३ म्हणजे परवानगी नाही. आपल्याकडे १३.

सॉकेट फाइलची परवानगी पाहिली तर ठीक. पण सॉकेटपर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर ‘एक्स’, म्हणजे आत जाण्याची, परवानगी लागते. ‘नेमआय -एल’ आणि पुढे पूर्ण मार्ग दिला की एकेक पायरी मालकासकट खाली उतरत दिसते:

/ : सगळ्यांना जाता येतं
/होम : सगळ्यांना जाता येतं
/होम/पातळी : ७५०, मालक पातळी, गट पातळी
/होम/पातळी/अ‍ॅप.सॉक : ७७७

अडकलं ते तिसऱ्या पायरीवर. उबुंटूमध्ये २१.०४ पासून नवीन युजरचं होम फोल्डर ७५० परवानगीने (मालक आणि गट सोडून कोणालाच आत जाता येत नाही) तयार होतं. आधी ते ७५५ (सगळ्यांना आत जाता येतं) असायचं, त्यामुळे जुन्या सूचना तशाच्या तशा वापरल्या की नेमकं इथे अडतं. एनजिनएक्स ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या युजरने चालतो, त्याला त्या दारातून आत जाता येत नाही. स्टाइलच्या फाइल्सना ४०३ (प्रवेश नाकारला) येत होतं, त्याचंही कारण हेच.

होम फोल्डर ७५५ करून हे सुटतं, पण तिथेच पासवर्डची फाइल आहे, म्हणून ते करायचं नाही. सॉकेट होममधून बाहेर काढला. युनिटमध्ये ‘रनटाइमडिरेक्टरी=पातळी’ लिहिलं की सिस्टमडी ‘/रन’मध्ये त्या नावाचं फोल्डर स्वतः तयार करतं, योग्य मालकाच्या नावाने. ते फोल्डर हाताने तयार करू नये. ‘/रन’ मेमरीत असतं, रीबूटला पुसलं जातं आणि मग १३ च्या जागी २ येतो. सॉकेट ‘/टेम्प’मध्येही ठेवू नये: युनिटमध्ये ‘प्रायव्हेटटेम्प’ चालू असेल तर अ‍ॅपचं ‘/टेम्प’ वेगळं आणि एनजिनएक्सचं वेगळं. स्टाइलच्या फाइल्स ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’खाली नेल्या.

पोस्टग्रेसची ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ पण आज आली. लिनक्स युजरचं आणि डेटाबेस युजरचं नाव वेगळं होतं, एकच ठेवलं.

१६ मे

लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट. ते आणणारा प्रोग्राम सर्टबॉट, वेबरूट पद्धत (पडताळणीची फाइल साइटच्या फोल्डरमध्ये ठेवायची). पडताळणी दोनदा फसली. एनजिनएक्सच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये पडताळणीची विनंती आलेलीच नाही, म्हणजे ती दुसरीकडे गेली. डोमेनच्या पॅनेलमध्ये आधीच्या पार्किंग पानाचा एएएए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता, तसाच राहिला होता. लेट्स एन्क्रिप्ट दोन्ही पत्ते असले तर आधी आयपीव्ही६ वर जातं. तिथे कोणी चुकीचं का होईना पण उत्तर दिलं, तर आयपीव्ही४ वर परत वळत नाही. ऑफिसचं कनेक्शन फक्त आयपीव्ही४ चं, म्हणून आपल्याला सगळं बरोबर दिसत होतं. रेकॉर्ड काढला, पडताळणी झाली.

प्रयोग करताना लेट्स एन्क्रिप्टचा स्टेजिंग (चाचणीचा) सर्व्हर वापरावा. खऱ्या सर्व्हरवर एका नावाच्या पडताळण्या तासाला पाचदा फसल्या की थांबावं लागतं. पाऊस तोंडावर असताना ते परवडत नाही.

संध्याकाळी ऑफिसमधल्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये सुरक्षित जोडणीचं कुलूप दिसलं. पण मोजपट्टीचं वाचन पाठवणाऱ्या पायथन स्क्रिप्टला ‘अनेबल टू गेट लोकल इश्यूअर सर्टिफिकेट’, आणि एका जुन्या अँड्रॉइड फोनवर लाल इशारा. कॉन्फिगमध्ये ‘सर्ट.पेम’ दिली होती. तिच्यात फक्त आपलं सर्टिफिकेट असतं, मधल्या संस्थेचं नसतं. लॅपटॉपवरचा ब्राउझर राहिलेली कडी स्वतः शोधून आणतो, स्क्रिप्ट तसं करत नाही. ‘फुलचेन.पेम’ दिली, सगळीकडे चाललं. लॅपटॉपच्या कुलपावर विश्वास ठेवू नये. ‘कर्ल’ या कमांडने तपासावं, ते मध्ये काही सावरून घेत नाही.

‘रिन्यू’चं (सर्टिफिकेट नूतनीकरणाचं) ड्राय रन, म्हणजे रंगीत तालीम, यशस्वी.

१९ मे

दोन चुका एकमेकींत गुंतलेल्या, म्हणून सविस्तर.

पहिली: पान उघडताच ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’. जँगोला सांगितलं आहे की एचटीटीपीवर आलेल्याला आपल्या ठरलेल्या डोमेनच्या एचटीटीपीएस पत्त्यावर पाठव. पण कूटबद्ध जोडणी एनजिनएक्सपाशीच संपते, मागे जँगोकडे विनंती साधीच पोचते. जँगो प्रत्येकाला परत पाठवत राहतं. उपाय माहीतच आहे: एनजिनएक्सने ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) पाठवायचं आणि जँगोच्या ‘सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर’मध्ये त्यावर विश्वास ठेवायला सांगायचं.

तो हेडर सर्व्हर ब्लॉकमध्ये (सगळ्या साइटच्या सेटिंगमध्ये) ‘होस्ट’ हेडरशेजारी होता. तरीही एपीआयच्या (प्रोग्रामसाठीच्या) पत्त्यावर रीडायरेक्टचा फेरा सुटेना. म्हणून तेवढ्या पत्त्याच्या लोकेशन ब्लॉकमध्ये ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ पुन्हा लिहिला. फेरा गेला, त्याच्या जागी ४०० बॅड रिक्वेस्ट. जँगोचा लॉग म्हणतो: होस्ट हेडर ‘पातळी_अ‍ॅप’ अवैध आहे. हे नाव कोणीही ब्राउझरमध्ये टाकलेलं नाही. ते एनजिनएक्सच्या अपस्ट्रीम ब्लॉकचं (मागच्या अ‍ॅपचा पत्ता जिथे लिहितात) नाव!

कारण एनजिनएक्सच्या एका नियमात. ‘प्रॉक्सी_सेट_हेडर’ वरच्या ब्लॉकमधून खालच्या ब्लॉकमध्ये तेव्हाच उतरतात, जेव्हा खालच्या ब्लॉकमध्ये त्यातला एकही लिहिलेला नसतो. एक जरी लिहिला की वरचे सगळे गळतात. एपीआयच्या लोकेशनमध्ये आधीपासून एक जास्तीचा हेडर होता, त्यामुळे तिथे प्रोटो पोचतच नव्हता. होस्टही पोचत नव्हता, पण आधी फेरा दिसला म्हणून ते झाकलं गेलं. होस्ट न दिल्यास एनजिनएक्स अपस्ट्रीमचं नाव पाठवतं, आणि नावातल्या खालच्या रेघेमुळे जँगो त्याला डोमेन मानायलाच तयार नाही. ‘अलाउड_होस्ट्स’मध्ये ते नाव घालूनही हे सुटत नाही.

सगळे हेडर एका छोट्या फाइलमध्ये ठेवले आणि प्रत्येक लोकेशनमध्ये ती ‘इन्क्लूड’ केली. ‘अ‍ॅड_हेडर’लाही हाच नियम लागू.

हे शोधताना अर्धा दिवस आणखी एका गोष्टीत गेला. बदल केले, ‘एनजिनएक्स -टी’ ठीक म्हणतंय, रीलोड झालं, परिणाम शून्य. ‘साइट्स-एनेबल्ड’ फोल्डरमध्ये जुन्या फाइलची बॅकअप प्रत ठेवलेली होती, नाव ‘ओल्ड-पातळी’. एनजिनएक्स त्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल वर्णक्रमाने वाचतो, इंग्रजीत ‘ओ’ हा ‘पी’च्या आधी येतो, आणि एकाच डोमेनचे दोन ब्लॉक असले तर पहिला जिंकतो. ‘कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम, इग्नोर्ड’ अशी ताकीद छापली गेली होती, पण तिच्याखालच्या ‘सक्सेसफुल’ या शब्दावर नजर थांबली. बॅकअप या फोल्डरमध्ये कधीही ठेवायचा नाही. शंका आली की मोठ्या ‘टी’चा पर्याय वापरायचा, तो वाचलेलं सगळं कॉन्फिग फाइलच्या नावांसकट छापतो.

२३ मे

गावातून मोजपट्टीचा फोटो पाठवण्याची सोय. फोनचा फोटो ३ ते ४ एमबी, उत्तर ४१३ (फाइल फार मोठी). एनजिनएक्सची डिफॉल्ट मर्यादा १ एमबी. ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज’ फक्त फोटोच्या लोकेशनमध्ये १० एमबी केली, सगळ्या साइटला नाही.

पुढची अडचण: मोठ्या फोटोंवर कधी कधी ५०२, लॉगमध्ये ‘अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन’. घड्याळ लावलं तर दरवेळी ३० सेकंदांच्या आसपास. गुनिकॉर्नचा टाइमआउट ३० सेकंद, एनजिनएक्सचा वाट पाहण्याचा ६०. म्हणून ३० ला ५०२ आलं तर गुनिकॉर्नने वर्कर (विनंती हाताळणारी प्रक्रिया) मारला. ६० ला ५०४ आलं तर एनजिनएक्स कंटाळला. टाइमआउट वाढवला नाही. फोटो लहान करण्याचं काम विनंतीतून काढून मागे रांगेत टाकलं. पाच वर्कर आहेत, पाच जणांनी एकदम फोटो पाठवला तर पातळीचं पान अडकून कसं चालेल?

३० मे

वेळ. सकाळी ७:०५ ला चालायचं काम दुपारी १२:३५ ला चाललं. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), फरक साडेपाच तासांचा. ‘टाइमडेटसीटीएल’ने आशिया/कोलकाता केलं, ‘डेट’ बरोबर दाखवू लागलं, आणि दुसऱ्या दिवशी काम परत १२:३५ लाच. क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) सुरू होताना जो टाइमझोन वाचतो, तोच धरून बसतो. क्रॉन रीस्टार्ट करावा लागतो.

जँगोचा ‘टाइम_झोन’ही यूटीसी होता. तो दुरुस्त केल्यावर हाताने भरलेलं सकाळी ६:०० चं वाचन ११:३० चं दिसू लागलं, कारण भरताना ६:०० हे यूटीसी समजून साठवलं गेलं होतं. स्क्रिप्टकडून आलेली वाचनं मात्र बरोबर होती, त्यांच्यासोबत टाइमझोन येतो. म्हणून फक्त हाताने भरलेल्या ओळींतून साडेपाच तास वजा केले. आधी बॅकअप, मग वीस ओळी कागदी वहीशी ताडून पाहिल्या. चढत्या पाण्यात साडेपाच तासांचा फरक म्हणजे दोन वेगळ्या नद्याच.

२ जून

फूट आणि इंच. वहीत ३९ फूट १० इंच हे ‘३९.१०’ असं लिहितात, आणि लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. डेटाबेसमध्ये दशांश संख्या म्हणून गेलं की ते ३९.१ होतं, आणि पानावर ३९ फूट १ इंच. पाणी नऊ इंचांनी उतरल्यासारखं दिसतं. आता फूट आणि इंच दोन वेगळ्या रकान्यांत घ्यायचे, साठवण पूर्ण इंचांत. इशारा ४६८, धोका ५१६. इंचांच्या रकान्यात ११ पेक्षा मोठा आकडा नाही.

६ जून

गर्दीची तयारी. पाणी ४० फुटांपुढे गेलं की सगळं शहर एकदम पान उघडणार. एनजिनएक्सचा कॅश (तयार पानाची साठवलेली प्रत) ३० सेकंदांसाठी लावला, ‘प्रॉक्सी_कॅश_लॉक’ चालू, म्हणजे कॅश रिकामा असताना एकच विनंती मागे जाते. कॅशची स्थिती दाखवणारा हेडर जोडला: प्रत्येक वेळी ‘मिस’, म्हणजे कॅशमध्ये काही नाही.

उत्तरात ‘सेट-कुकी’ असेल तर एनजिनएक्स ते कॅशमध्ये ठेवत नाही. पानाच्या तळाशी "तुमच्या गावची पातळी कळवा" हा फॉर्म होता, त्याच्या सुरक्षा टोकनसाठी जँगो प्रत्येकाला कुकी देत होतं. ‘सेट-कुकी’कडे दुर्लक्ष कर असं एनजिनएक्सला सांगता येतं, पण ते इथे चुकीचं: एकाची कुकी सगळ्यांना वाटली जाईल. फॉर्म वेगळ्या पानावर नेला. लगेच ‘हिट’.

मागचं अ‍ॅप पडलं तर जुनं पान दाखवायचं ठेवलं आहे. त्यासाठी एक अट: पानावर ‘आत्ता’, ‘नुकतंच’ असे शब्द नाहीत, वाचनाची तारीख-वेळ ठळक, आणि वाचन दोन तासांपेक्षा जुनं असेल तर ब्राउझर स्वतः लाल पट्टी दाखवतो. हे गणित सर्व्हरवर करून चालत नाही, कारण जुन्या पानासोबत जुनं उत्तरच येईल.

१० जून

रीबूट चाचणी. सर्व्हर परत आला, अ‍ॅप नाही. युनिट ‘स्टार्ट’ केलं होतं, ‘एनेबल’ केलंच नव्हतं. केलं. पुन्हा रीबूट, ५० सेकंदांत पान वर.

१६ जुलै

धो धो पाऊस, नदी चढती. सर्टिफिकेट १६ मे चं, मुदत ९० दिवस, ३० दिवस उरले की सर्टबॉट नवीन आणतं. काल रात्री त्याने आणलं, लॉगमध्ये यश. पण ‘ओपनएसएसएल’च्या ‘एस_क्लायंट’ने ४४३ वर विचारलं तर सर्व्हर अजून १४ ऑगस्टला संपणारंच दाखवतो. डिस्कवरची फाइल ऑक्टोबरपर्यंतची. एनजिनएक्स सर्टिफिकेट सुरू होताना किंवा रीलोडला वाचतो, फाइल बदलली म्हणून परत वाचत नाही. वेबरूट पद्धतीत सर्टबॉट रीलोड करत नाही, आणि १६ मे च्या ड्राय रनमध्ये हे दिसणं शक्य नव्हतं, कारण ड्राय रनमध्ये ‘डिप्लॉय’ हुक (नवीन सर्टिफिकेट आल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्ट) चालवलेच जात नाहीत.

‘रिन्युअल-हुक्स/डिप्लॉय’ फोल्डरमध्ये दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवली: आधी ‘एनजिनएक्स -टी’, ते ठीक असेल तरच रीलोड. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी दिली, हाताने एकदा चालवून पाहिली. रोज सकाळी ७:०५ च्या कामात एक तपासणी वाढवली: फाइलमधली मुदत आणि ४४३ वर प्रत्यक्ष मिळणारी मुदत ताडायची, वेगळी निघाली की फोनवर संदेश.

रीलोडनंतर ४४३ वर ऑक्टोबरची तारीख. राजाराम बंधाऱ्याचं ९ वाजताचं वाचन ९:०४ ला पानावर आलं.